कोंड्याचा मांडा

आहे त्या परिस्थितीत समाधानाने आणि कसबाने संसार करणाऱ्या माणसाचे कौतुक करताना आपण 'कोंड्याचा मांडा करून खाणे' असा वाक्प्रचार योजतो. मांडा हे पक्वान्न, सणासमारंभाचे. कोंडा म्हणजे सुपातून पाखडून किंवा चाळणीतून काढून गोठ्याकडे पाठवावयाचा पदार्थ. या वाक्प्रचारात गृहिणीच्या कौशल्याचा गौरव आहे. परंतु कोंड्याविषयीचा निकालही त्यात येऊन गेला आहे. कोंडा मुळात निःसत्त्व. त्याला जी काही प्रतिष्ठा लाभते ती करणाऱ्या हातामुळे. रस काढून घेतल्यावर जो उरतो तो चोथा, आणि ज्याच्या बोलण्यात अर्थ नाही त्याच्या बोलण्यालाही आपण चोथाच म्हणतो. सत्त्व एकीकडे आणि चोथा दुसरीकडे, अशी ही विभागणी आपल्या भाषेत पक्की रुजलेली आहे.

पाश्चात्त्य रसायनशास्त्रानेही दीर्घकाळ हाच निकाल दिला होता. गेल्या शे-दीडशे वर्षांत तो पायरीपायरीने कसा फिरला, आणि आज स्थूलता व मधुमेह यांच्या चर्चेत धान्याच्या या टाकाऊ भागाला मानाचे स्थान कसे मिळाले, ही कथा मोठी उद्बोधक आहे. विज्ञानाच्या मापात जे बसत नाही ते विज्ञानाला कसे दिसत नाही, याचेही ते एक उत्तम उदाहरण होय.

आरंभ आपल्याकडूनच करावयास हरकत नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात आठ प्रकारच्या निंद्य शरीरांचा एक अध्याय आहे. त्यात अतिकृश आणि अतिस्थूल या दोघांचा विचार विस्ताराने केला आहे. अतिस्थूल माणसाच्या आहाराविषयी तेथे एक मार्मिक सूत्र सांगितले आहे: त्याचे अन्न पचावयास जड असावे, पण पुष्टी देणारे नसावे. स्थूल माणसाचा अग्नी तीव्र असतो, त्याला वारंवार भूक लागते; म्हणून पोटात काही काळ टिकेल, परंतु मेद वाढविणार नाही, असे अन्न त्याला द्यावयाचे. या वर्गात जी धान्ये सांगितली आहेत त्यांत जव, सावे, कोद्रू, ज्वारी, मूग, कुळीथ आणि तूर यांचा समावेश आहे. चरकाला आतड्यातील सूक्ष्म जीव ठाऊक नव्हते, आणि आजचे शोध त्याला आधीच लागले होते असे म्हणणे हा इतिहासाचा विपर्यास ठरेल. परंतु पोट भरणे आणि पुष्टी होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे निरीक्षण त्याचे आहे, आणि ते सूक्ष्म आहे.

पुढच्या काळात, येथे काय किंवा युरोपात काय, प्रतिष्ठा मिळाली ती पांढऱ्या अन्नाला. युरोपात श्रीमंताची पोळी पांढरी आणि गरिबाची काळसर, असा भेद शतकानुशतके चालत आला होता. जात्यावर दळलेल्या पिठातून कोंडा पुरता वेगळा करणे कष्टाचे आणि खर्चाचे काम असे, त्यामुळे पांढरे पीठ दुर्मीळ होते. १८७० नंतर हंगेरीतील बुडापेस्ट शहरातील गिरण्यांत लोखंडी रुळांमधून गहू दळण्याची पद्धत पूर्णत्वाला गेली, आणि हे चित्र पालटले. रुळांच्या गिरणीत कोंडा व अंकुर सहज बाजूला निघतात, मागे शुभ्र पीठ उरते, आणि अंकुरातील स्निग्धांश गेल्यामुळे ते पुष्कळ दिवस टिकते. थोड्याच वर्षांत ही यंत्रे युरोप-अमेरिकेत सर्वत्र पसरली. जी वस्तू पूर्वी सरदार-सावकारांच्या ताटात असे, ती मजुराच्या ताटात आली. लोकांना ही प्रगती वाटली यात नवल नाही. अमेरिकेत सिल्व्हेस्टर ग्रॅहम या धर्मोपदेशकाने १८३० च्या सुमारासच न चाळलेल्या पिठाचा कैवार घेतला होता. पण त्याची गणना विक्षिप्तांत झाली.

विद्वानांनी त्याच्याकडे लक्ष दिले नाही याला एक कारण होते. १८६० च्या दशकात जर्मनीतील ग्योटिंगेनजवळच्या वेंडे या गावी हेनेबर्ग आणि स्टोमान हे दोन शास्त्रज्ञ गुरांच्या वैरणीची परीक्षा करीत होते. त्यांनी एक रीत बसविली. वैरण प्रथम सौम्य आम्लात उकळावयाची, मग सौम्य अल्कलीत उकळावयाची, आणि जो न विरघळणारा भाग मागे राहील त्यातून राख वजा करून त्याला 'क्रूड फायबर', म्हणजे ओबड तंतू, म्हणावयाचे. गुरांच्या चाऱ्याची प्रत ठरविण्यास ही रीत सोयीची होती. तीच पुढे माणसाच्या अन्नालाही लावण्यात आली. तिच्यात दोष असा की, डिंकासारखे, फळांतील पेक्टिनसारखे किंवा कांद्यातील इन्युलिनसारखे विरघळणारे तंतू त्या उकळण्यातच निघून जातात आणि हिशेबात येतच नाहीत. जे मागे उरते ते अल्प, आणि तेही पोषणाच्या दृष्टीने निरुपयोगी, असा समज त्यामुळे दृढ झाला. आपल्याकडील पोषणमूल्यांच्या कोष्टकांतही पुष्कळ दशके हाच ओबड तंतूचा रकाना होता. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय अन्नपदार्थांची जी नवी कोष्टके प्रसिद्ध केली, त्यांत मात्र विरघळणारे व न विरघळणारे आहारतंतू वेगवेगळे मोजून दिले आहेत. एका रकान्याचा हा बदल, पण त्यामागे दीडशे वर्षांचा इतिहास उभा आहे.

मधल्या काळात कोंड्याला एकदा न्याय मिळाला, पण तो दुसऱ्याच्या नावावर. जावा बेटात काम करणारे डच वैद्य आइकमान यांना १८९० च्या दशकात असे आढळले की, पांढऱ्या सडलेल्या तांदळावर वाढविलेल्या कोंबड्यांना बेरीबेरीसारखा रोग होतो, आणि तांदळाचा कोंडा दिला की तो बरा होतो. पुढे या गुणाचे श्रेय कोंड्यातील जीवनसत्त्वाला मिळाले, आणि ते योग्यही होते. परंतु जीवनसत्त्व काढून घेतल्यावर कोंड्यात उरते काय, हा प्रश्न कोणी विचारला नाही. उरतो तो चोथा, असेच सर्वांनी धरून चालले.

चोथ्याची ही उपेक्षा तो जेथे अखेरीस जाऊन पोचतो त्या अवयवाच्याही वाट्याला आली होती. विसाव्या शतकाच्या आरंभी मोठे आतडे हा शरीरातील एक उकिरडा आहे, तेथे मळ कुजतो आणि त्याचे विष अंगात भिनते, अशी कल्पना बळावली होती. लंडनमध्ये सर आर्बथनॉट लेन हे नामांकित शल्यवैद्य बद्धकोष्ठाच्या रोग्यांचे मोठे आतडेच कापून काढीत असत. पॅरिसमध्ये मेचनिकॉफ हे थोर शास्त्रज्ञ, ज्यांना १९०८ साली नोबेल पारितोषिक मिळाले, तेही मोठ्या आतड्याला माणसाच्या दीर्घायुष्यातील अडथळा मानीत. तथापि त्यांनी सुचविलेला उपाय सौम्य होता. दह्यातील उपकारक जंतू पोटात जाऊ द्यावेत, म्हणजे अपकारक जंतूंचे बळ कमी होईल, असे त्यांचे म्हणणे होते. आतड्यातील जंतूंत मित्र आणि शत्रू असा भेद असू शकतो, हा विचार त्यांनी पेरला. त्या मित्रांना खाऊ काय घालावयाचे, हा प्रश्न मात्र आणखी नव्वद वर्षे शिल्लक राहिला.

निकाल फिरू लागला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. १९५३ साली हिप्सली या ऑस्ट्रेलियन वैद्याने गर्भवतींच्या एका विकाराविषयी लिहिताना 'आहारतंतू' हा शब्द प्रथम वापरला. इंग्लंडच्या नौदलातील शल्यवैद्य पीटर क्लीव्ह यांनी युद्धकाळात नौसैनिकांच्या बद्धकोष्ठावर साधा कोंडा देऊन पाहिला होता. मधुमेह, स्थूलता, हृदयविकार हे निरनिराळे रोग नसून साखर व पांढरे पीठ यांपासून उद्भवणारा एकच विकार आहे, असे त्यांनी १९६६ च्या आपल्या ग्रंथात प्रतिपादिले. ह्यू ट्रॉवेल यांनी केनिया व युगांडा येथे जवळजवळ तीस वर्षे वैद्यकी केली होती. ते तेथे गेले तेव्हा स्थूलता, मधुमेह आणि हृदयरोग हे आफ्रिकी खेडुतांत अत्यंत विरळ होते. १९५६ साली एका आफ्रिकी रुग्णाच्या हृदयरोगाची त्यांनी नोंद प्रसिद्ध केली, ती एक अपूर्व घटना म्हणून.

या सर्वांचे धागे एकत्र विणले ते डेनिस बर्किट यांनी. हे मूळचे आयर्लंडचे. लहानपणी अपघातात एक डोळा गेलेला, तरी शल्यवैद्य झालेले, आणि युगांडातील कंपाला येथे काम करीत असता मुलांच्या एका कर्करोगाचा शोध लावून कीर्ती मिळविलेले. कीर्तीच्या शिखरावर असताना या गृहस्थाने अभ्यासाला विषय घेतला तो मळाच्या वजनाचा! त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेड्यातील आफ्रिकी माणसे व इंग्लंडमधील माणसे यांची तुलना करून १९७२ साली दाखवून दिले की, युगांडातील खेडुताचा रोजचा मळ इंग्रजाच्या चौपटीहून अधिक भरतो, आणि अन्नाचा प्रवास खेडुताच्या पोटात दीड दिवसात संपतो, तर इंग्रजाच्या पोटात त्याला तीन दिवसांहून अधिक लागतात. विद्वानांच्या सभेत असल्या गोष्टी बोलण्याचा संकोच त्यांनी बाळगला नाही. त्यांच्या विचारसरणीत उणीवही होती. युगांडातील खेडूत आणि लंडनमधील कारकून यांच्यात केवळ आहारतंतूचा फरक नाही. श्रम, आयुर्मान, चरबी, मिठाई, सारेच निराळे. अशा तुलनेतून कारण सिद्ध होत नाही, केवळ त्याचा संशय घेता येतो. पण संशय योग्य ठिकाणी घेतला गेला होता.

येथून पुढे प्रयोगांचे युग सुरू होते, आणि त्यात आपल्या ओळखीची एक भाजी येते. राजस्थानच्या कोरड्या जमिनीत पिकणाऱ्या गवारीच्या बियांपासून डिंक काढतात. जगातील गवारीचे बहुतांश पीक भारतातच होते. डेव्हिड जेंकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६-७७ च्या सुमारास जेवणात हा डिंक आणि पेक्टिन मिसळून पाहिले. जेवणानंतर रक्तातील साखर एरवी जितकी चढते तितकी ती चढली नाही, आणि इन्शुलिनही कमी लागले. कारण सोपे आहे. पाण्यात फुगून बुळबुळीत होणारा तंतू अन्नाला घट्टपणा आणतो, त्यामुळे साखर आतड्याच्या भिंतीपर्यंत सावकाश पोचते. इसबगोलाचे कामही पुष्कळसे असेच चालते. एवढ्यावरून हे कळून चुकले की, तंतू ही एक वस्तू नसून एक मोठे कुटुंब आहे. गव्हाचा कोंडा मळाचे आकारमान वाढवितो, गवारीचा डिंक साखरेला वेसण घालतो, आणि या कुटुंबातील तिसरी शाखा तर त्याहून निराळे काम करते.

ही तिसरी शाखा म्हणजेच ज्यांना आज 'प्रीबायोटिक' म्हणतात ते तंतू. त्यांतील प्रमुख इन्युलिन. १८०४ साली रोझ या जर्मन शास्त्रज्ञाने एका औषधी वनस्पतीच्या मुळांतून ते वेगळे काढले होते. कांदा, लसूण, गहू, केळे यांत ते थोड्याफार प्रमाणात असते; कॉफीत मिसळावयाच्या चिकोरीच्या मुळांत तर विपुल असते. माणसाच्या पाचकरसांत ते तोडण्याचे सामर्थ्य नाही, म्हणून ते जसेच्या तसे मोठ्या आतड्यात उतरते. तेथे कोट्यवधी कोटी सूक्ष्म जीव त्याची वाट पाहत असतात. ते त्याला आंबवितात, जसे आपण इडलीचे पीठ आंबवितो, आणि त्यातून तीन लहान मेदाम्ले तयार होतात. एक शिरक्यातले, दुसरे प्रोपिऑनिक नावाचे, आणि तिसरे लोण्या-तुपात सापडणारे ब्युटिरिक. १९८० साली रोडिगर यांनी दाखविले की, मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशी आपल्या निर्वाहासाठी मुख्यतः या ब्युटिरिक आम्लावर अवलंबून असतात. ज्याला उकिरडा म्हटले तेथे चूल पेटलेली होती, आणि तिचे सरपण होते चोथा! १९९५ साली गिब्सन आणि रॉबरफ्रॉइड यांनी या कल्पनेला प्रीबायोटिक हे नाव दिले. दह्यातले जंतू हे पाहुणे. प्रीबायोटिक म्हणजे घरच्या मंडळींचा शिधा. मेचनिकॉफ यांच्या वेळचा प्रश्न येथे सुटला.

या शिध्याचा स्थूलतेशी संबंध काय? २००३ साली असे आढळले की, या लहान मेदाम्लांना ओळखणारी ग्राहके शरीरातील पेशींवर असतात. आतड्यातील काही पेशींवर ती असून, त्यांच्या द्वारे भूक शमविणारी व इन्शुलिनला साहाय्य करणारी संप्रेरके सुटतात. शिवाय आतड्याचे अस्तर सुदृढ राहिले, तर जंतूंचे विषारी अंश रक्तात झिरपून मंद दाह उत्पन्न होण्याचे टळते, असे उंदरांवरील प्रयोग सांगतात. अमेरिकेतील जेफ्री गॉर्डन यांच्या प्रयोगशाळेने २०१३ साली एक विलक्षण प्रयोग प्रसिद्ध केला. जुळ्या बहिणींपैकी एक स्थूल व एक सडपातळ, अशा जोड्यांच्या आतड्यातील जंतू त्यांनी निर्जंतुक उंदरांत सोडले. स्थूल बहिणीचे जंतू मिळालेल्या उंदरांत चरबी अधिक साठली. दोन्ही प्रकारचे उंदीर एका पिंजऱ्यात ठेवताच सडपातळ बहिणीचे जंतू दुसऱ्या उंदरांतही शिरले आणि त्यांची चरबी वाढण्याचे थांबले. मात्र आहार तंतूंनी भरलेला व कमी चरबीचा असेल तरच. आहार उलट असला तर ते उपकारक जंतू रुजलेच नाहीत. बी उत्तम असूनही भुई नापीक असली म्हणजे जे होते, तेच येथे झाले.

उंदरांकडून माणसाकडे येताना पावले जपून टाकावी लागतात. कॅनडात २००९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात वजनदार प्रौढांना १२ आठवडे रोज २१ ग्रॅम ऑलिगोफ्रुक्टोज, म्हणजे इन्युलिनचेच धाकटे भावंड, देण्यात आले. त्यांचे वजन सरासरीने एक किलोने उतरले. ज्यांना ते दिले नाही त्यांचे अर्धा किलोच्या आसपास वाढले. २०१७ साली ७ ते १२ वर्षांच्या स्थूल मुलांवर रोज ८ ग्रॅम देऊन १६ आठवडे प्रयोग झाला, त्यातही शरीरातील चरबी घटली. उलट २०१३ साली स्थूल स्त्रियांवर झालेल्या प्रयोगात उपकारक जंतू वाढले, पण वजनावर व रक्तातील साखरेवर परिणाम नाममात्रच दिसला. ज्या संप्रेरकाचा येथे संबंध येतो, त्याचीच नक्कल करणारी औषधे आज निघाली आहेत. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या प्रयोगात त्यांतील एकाने ६८ आठवड्यांत वजन सुमारे १५ टक्के उतरविले. त्याच्या तुलनेत तंतूचे काम मंद आणि माफक आहे, हे प्रामाणिकपणे म्हटले पाहिजे. शिवाय २०१८ साली काही विशिष्ट उंदरांत शुद्ध इन्युलिनचा मारा केल्यावर यकृताचा कर्करोग उद्भवल्याचे आढळले. ते उंदीर आधीच विकृत जंतूंचे धनी होते, हे खरे. तरीही पुडीतील शुद्ध तंतू आणि धान्यातील तंतू या एकच गोष्टी नव्हेत, एवढा धडा त्यातून घ्यावयास हवा.

पुरावा भक्कम आहे तो संपूर्ण आहाराच्या बाजूने. २०१९ साली न्यूझीलंडमधील संशोधकांनी जगभरच्या अनेक अभ्यासांचे एकत्र परीक्षण केले. रोज २५ ते २९ ग्रॅम किंवा अधिक तंतू खाणाऱ्यांत मृत्यूचे, हृदयविकाराचे व मधुमेहाचे प्रमाण अल्प तंतू खाणाऱ्यांपेक्षा १५ ते ३० टक्क्यांनी कमी आढळले.

हा विषय आपल्याला दूरचा नाही. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी जॉन युडकिन या इंग्रज सहकाऱ्यासह २००४ साली एक छायाचित्र प्रसिद्ध केले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे, निर्देशांक २२.३, पण इंग्रजाच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि भारतीयाच्या शरीरात २१.२ टक्के! आपला माणूस दिसावयास सडपातळ असून आत मेद बाळगून असतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत प्रौढांमध्ये मधुमेह ११.४ टक्के आणि पोटावरील स्थूलता ३९.५ टक्के आढळली. ज्या दशकांत हे संकट वाढले, त्याच दशकांत ज्वारी, बाजरी, नाचणी व कोद्रू यांचे क्षेत्र घटले, आणि तांदूळ, मैदा व साखर यांचे ताटातील स्थान वाढले. हरितक्रांतीने दुष्काळाचे भय दूर केले, तिचे ऋण मोठेच आहे. परंतु तिच्या मागोमाग भाकरी ही गरिबीची खूण ठरली आणि शुभ्र पोळी-भात ही सुस्थितीची. बुडापेस्टच्या गिरणीची कथा थोड्या उशिरा आपल्याही घरी घडली.

आता उलटा फेरा सुरू झाला आहे. भारताच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे भरड धान्यांचे वर्ष म्हणून पाळले. शहरातील दुकानांत नाचणीची बिस्किटे आणि तंतूंची पाकिटे चढ्या किमतीने विकली जातात. ज्या कुटुंबाने कालपर्यंत नाइलाजाने ज्वारीची भाकरी, हिरवी पालेभाजी आणि कांदा खाल्ला, त्याला आज स्वस्त साखर, तेल व मैद्याचे पदार्थ दारात मिळतात, आणि भाकरी महाग पडते. स्थूलता हा केवळ श्रीमंतांचा रोग उरलेला नाही, याचे एक कारण यात आहे. वैद्यकाचा सल्ला साधा आहे. धान्य शक्यतो सालीसकट खावे, उसळी व कडधान्ये रोज असावीत, भाजी-फळे मुबलक असावीत. सवय नसेल तर प्रमाण हळूहळू वाढवावे आणि पाणी भरपूर प्यावे, नाहीतर पोट फुगून माणूस दोन दिवसांत कंटाळतो. मधुमेहाची औषधे चालू असतील तर आपल्या वैद्याला विचारूनच बदल करावा. पण हा सल्ला अमलात येण्यासाठी भरड धान्य गरिबाच्या शिधापत्रिकेवर आणि मुलांच्या शाळेतील जेवणात पुरेशा प्रमाणात पोचले पाहिजे, आणि हे काम वैद्याचे नव्हे, समाजाचे आहे.

कोंड्याचा मांडा करणाऱ्या आपल्या आज्या-पणज्यांना जंतूंची वार्ता नव्हती. त्यांच्यापुढे प्रश्न होता घरातले कोणी उपाशी न राहण्याचा. त्यांच्या घरातल्या ज्या असंख्य अदृश्य मंडळींनाही त्यात जेवू मिळत होते, त्यांची गणती करावयास शास्त्राला दीडशे वर्षे लागली. आपल्याला ती गणती आता ठाऊक झालेली आहे. पान वाढताना ती लक्षात ठेवणे आपल्या हाती आहे.